पंगत की खानावळ? – सस्तन पेशींचं अखंड संवर्धन

रातराणी_ऐरोली
शनिवार, रात्री ११:४०

मागच्या रविवारी कामावरून परस्पर नौपाड्यात मावसबहिणीकडे गेले होते. तिच्या सासूबाईंनी दारातच विचारलं, "रविवारीसुद्धा कामावर? एक दिवस बंद ठेवता येत नाही असं आहे तरी काय तुमच्याकडे?" मी म्हटलं, "पेशी आहेत, आजी." त्यांना ऐकू आलं पेशंट. पुढची दहा मिनिटं त्या मला गुडघेदुखीवरचं औषध विचारत होत्या आणि मीही हळद-दूध सांगून मोकळी झाले.

प्रश्न मात्र चोख होता. म्हणून हा धागा.

टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यातल्या एका कंपनीच्या पायलट प्लांटमध्ये मी अपस्ट्रीमला आहे, म्हणजे पेशी वाढवण्याच्या विभागात. कंपनीचं नाव आणि कुठलं प्रथिन, हे दोन प्रश्न सोडून काहीही विचारा. ५० लिटरचा रिअॅक्टर आहे. आत चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून आलेल्या पेशी, ज्यांना आमच्या धंद्यात सगळे 'सीएचओ' म्हणतात. त्यांच्यात माणसाचं जनुक घातलेलं आहे. पेशी त्यावरून प्रथिन बनवतात आणि बाहेर मीडियात, म्हणजे त्या ज्यात वाढतात त्या पोषक द्रावणात, सोडतात. आम्ही ते गोळा करतो.

हे जिवाणूंकडून का नाही करून घेत, असं इथले बरेच जण विचारतील. इन्सुलिन घेतात की करून. १९८२ पासून बाजारात आहे. पण इन्सुलिन म्हणजे ५१ अमिनो आम्लांची चिमुकली गोष्ट. मोठ्या प्रथिनांना नीट घड्या घालाव्या लागतात, अंगावर ठरावीक ठिकाणी साखरेच्या साखळ्या चढवाव्या लागतात, आणि तसा कारखाना ई. कोलायकडे नाही. रक्ताची गुठळी विरघळवणारं टीपीए हे औषध १९८७ साली सीएचओ पेशींतून आलं. सस्तन पेशींत बनवून मंजूर झालेलं ते पहिलं पुनःसंयोजित (म्हणजे बाहेरचं जनुक घालून बनवलेलं) औषध.

आता 'थांबत नाही' म्हणजे काय ते सांगते. नेहमीची पद्धत म्हणजे फेड-बॅच. ती पंगत आहे. पानं मांडली, मंडळी बसली, वरून वाढत राहिलो. खरकटं तिथेच साठत गेलं, म्हणजे लॅक्टेट आणि अमोनिया. बारा-चौदा दिवसांनी मंडळी मान टाकायला लागली की पंगत उठवायची, सगळं गाळायचं, धुवायचं.

आम्ही करतो ते परफ्युजन, म्हणजे खानावळ. ताजा मीडिया सतत आत, वापरलेला सतत बाहेर आणि त्याच्याबरोबर प्रथिनही बाहेर. गिऱ्हाईक मात्र आतच, कारण बाहेरच्या वाटेवर ०.२ मायक्रॉनच्या पोकळ तंतूंचा फिल्टर बसवलेला असतो. रिअॅक्टरचं जेवढं आकारमान, तेवढा मीडिया रोज बदलतो. मिलिलिटरमागे ५ कोटी पेशी. हे असं महिना-महिना चालतं, कधी दोन.

आणि मला बोलायचं आहे ते पुढच्या गोष्टीबद्दल. पेशी वाढवणं हा यातला सोपा भाग आहे. त्या वाढतात हो, वाढणं हाच त्यांचा स्वभाव. अवघड आहे ते त्यांना वाढू न देणं. बाहेर जाता येत नाही आणि खायला भरपूर, मग गर्दी होणारच. त्यामुळे रोज ठरावीक भाग पेशींसकट काढून टाकावा लागतो. त्याला आम्ही ब्लीड म्हणतो. माझ्या रात्रपाळीत मी रोज साधारण पाच लिटर धडधाकट, ९५ टक्के व्हायबिलिटी असलेल्या (म्हणजे शंभरातल्या ९५ जिवंत) पेशी मारून टाकायला किल टँकमध्ये सोडते. पहिल्या महिन्यात मला ते फार जड गेलं होतं.

इथे या धंद्यातले कुणी आहेत का? नसलात तरी प्रश्न विचारा. पाळी सकाळी सहाला संपते, तोवर जागी आहे.

मिसळप्रेमी
शनिवार, रात्री ११:५८

म्हणजे रश्श्याचं पातेलं! वरून पाणी-मसाला टाकत राहायचं, खालून वाढत राहायचं, पातेलं कधी रिकामं नाही.

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. आणि एक बाळबोध शंका: हॅमस्टरच का? उंदीर, डुक्कर, झालंच तर म्हैस का नाही?

जुनाखोड
रविवार, सकाळी ७:१०

मिसळप्रेमी, याचं उत्तर मी देतो, मला गोष्टी सांगायला आवडतं. फार्मात उत्पादनाला २६ वर्षं काढून आता वर्तकनगरात रोपांना पाणी घालतो.

चिनी हॅमस्टर चीनमध्ये प्रयोगांसाठी वापरत. १९४८ साली यादवी ऐन भरात असताना वॉटसन नावाच्या अमेरिकी डॉक्टरने दहा नर आणि दहा माद्या एका खोक्यात घालून शांघायहून विमानाने बाहेर काढल्या. त्यांची वीण पुढे अमेरिकेत वाढली. १९५७ साली थिओडोर पक यांनी डेन्व्हरमध्ये एका मादीच्या अंडाशयाचा तुकडा घेऊन त्यातून पेशी वाढवल्या. या प्राण्याची गुणसूत्रं फक्त २२, मोजायला सोपी, म्हणून गुणसूत्रांवर काम करणाऱ्यांचा तो लाडका. औषधाचा विचार तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता.

पुढे १९८० साली अर्लाब आणि चेसिन यांनी या पेशींचा असा वाण काढला की त्यात डीएचएफआर हे जगायला लागणारं विकर बनेना. मग युक्ती अशी: आपल्या हव्या त्या जनुकाबरोबर डीएचएफआरचं जनुक जोडून पेशीत घालायचं आणि वरून त्या विकराला अडवणाऱ्या मेथोट्रेक्सेटचा डोस वाढवत न्यायचा. संधिवाताला देतात तेच मेथोट्रेक्सेट. जगायचं असेल तर पेशीला त्या जनुकाच्या प्रती वाढवाव्या लागतात, आणि त्याच्याबरोबर आपलंही जनुक वाढतं. म्हणजे पाव्हण्याच्या काठीने साप. म्हशीची गरजच पडली नाही, कारण चालत्या गाड्याला खीळ कोण घालणार?

आता रातराणीबाई, तुमच्याकडे वळतो. खानावळीचं कौतुक ऐकलं. हिशेब ऐकवा की जरा.

रातराणी_ऐरोली
रविवार, दुपारी ३:२५

काका, झोपून उठले. घ्या हिशेब. एक पेशी दिवसाला २० पिकोग्रॅम (पिको म्हणजे लाख-कोटीवा भाग) प्रथिन देते असं धरा, चांगल्या वाणाला ते जमतं. मिलिलिटरमागे ५ कोटी पेशी, म्हणजे लिटरमागे रोज १ ग्रॅम. ५० लिटरचे ५० ग्रॅम. दहावा हिस्सा ब्लीडबरोबर गेला, हातात राहिले ४५. तीस दिवसांचे १३५० ग्रॅम.

जुनाखोड
रविवार, दुपारी ४:०२

आता माझा घ्या. फेड-बॅच, तोच ५० लिटरचा टँक, शेवटी लिटरला ५ ग्रॅम. एका पंगतीचे २५० ग्रॅम. धुणं-पुसणं धरून महिन्याला दोन पंगती, म्हणजे ५०० ग्रॅम. तुमच्या निम्म्याहूनही कमी, कबूल.

पण मीडिया मोजा. मी महिन्याला १०० लिटर वापरला, तुम्ही दीड हजार! लिटरमागे मला ५ ग्रॅम मिळाले, तुम्हाला ०.९. शिवाय तुमचा माल पातळ. पुढच्या शुद्धीकरणवाल्यांना रोज ४५ लिटर पाणचट रस गाळत बसायचं. आणि ३५व्या दिवशी कंटॅमिनेशन झालं तर? माझी पंगत बिघडली तर चौदा दिवस गेले. तुमची खानावळ बुडाली तर मालकच बुडाला.

आमच्या वेळी परफ्युजन म्हटलं की लोक पाळी बदलून मागायचे.

गणितवेडा
रविवार, सायंकाळी ५:४८

दोघांचे आकडे बरोबर आहेत, आणि म्हणूनच भांडण छान आहे. मी केमिकल इंजिनिअर, माटुंग्याच्या यूडीसीटीचा (नाव बदललं तरी आम्ही यूडीसीटीच म्हणणार). थोडं मागे जाऊ या.

अखंड संवर्धनाची कल्पना जिवाणूंवरची. १९५० साली पॅरिसमध्ये मोनो यांनी, आणि स्वतंत्रपणे शिकागोत नोविक आणि झिलार्ड यांनी ती मांडली. झिलार्ड म्हणजे अणुसाखळीवाला तोच. त्यांच्या टाकीत, म्हणजे केमोस्टॅटमध्ये, फिल्टर नसतो. जितकं आत येतं तितकं पेशींसकट बाहेर जातं. तिथे एकच नियम: पेशी ज्या वेगाने वाढतात त्याहून जास्त वेगाने पाणी सोडलंत की टाकी धुऊन निघते.

सस्तन पेशी तर अतिमंद. दिवसाला एकदा दुप्पट होतात असं धरलं तर त्यांचा वाढीचा दर दिवसाला ०.६९. म्हणजे टाकीच्या ६९ टक्क्यांहून जास्त मीडिया रोज बदलला की सगळ्या पेशी वाहून गेल्याच. आणि पातळ मिश्रणात पेशी थोड्याच, मग प्रथिनही थोडंच.

फिल्टरने केलं काय, तर या दोन गोष्टींची गाठ सोडवली. खायला किती द्यायचं हे आता पंप ठरवतो, आणि पेशींनी किती वाढायचं हे ब्लीड ठरवतं. स्थिती स्थिर असेल तर ब्लीडचा दर हाच वाढीचा दर. रातराणी रोज पाच लिटर काढते आणि संख्या तिथेच राहते, याचा अर्थ तिच्या पेशी आता दिवसाला फक्त १० टक्क्यांनी वाढताहेत. चोवीस तासांत दुप्पट होणाऱ्या पेशी आता सातव्या दिवशी दुप्पट होतात. हे कसं साधलंत? तापमान उतरवलंत का?

अजून एक गंमत. लिटरमागे ५० अब्ज पेशी आणि रोज १ लिटर मीडिया, म्हणजे एका पेशीच्या वाट्याला दिवसाला २० पिकोलिटर. पेशीचं स्वतःचं आकारमान दीड-दोन पिकोलिटर. रोज स्वतःच्या दहापट जेवण! टाकीतलं जवळजवळ नऊ टक्के आकारमान नुसत्या पेशींचंच असणार. म्हणजे ते पाण्यासारखं दिसत नसेल, पियूष किंवा ताकासारखं दिसत असेल. बरोबर?

रातराणी_ऐरोली
रविवार, रात्री १०:१५

ताकासारखं, अगदी बरोबर! मीडियात फिनॉल रेड असलं तर कोकमाची सोलकढी, नसलं तर ताक. आमच्यात नाही, म्हणून ताक.

तापमान: हो. ३७ ला वाढवलं, हवी ती संख्या गाठल्यावर ३३ वर उतरवलं. पेशी वाढायच्या थांबतात आणि बऱ्याच वाणांत प्रथिन उलट जरा जास्तच देतात. लग्न झाल्यावर उंची वाढायची थांबते आणि कामं वाढतात, तसं.

काका, तुमचा मीडियाचा मुद्दा मान्य. टिकाऊ अँटिबॉडी बनवायची असेल तर मीही पंगतच मांडेन. बरीच मंडळी मधला रस्ता काढतात: परफ्युजन फक्त शेवटच्या आधीच्या टाकीत करून तिथे पेशी दाट करायच्या आणि मोठ्या टाकीत एकदम भरून पुढे फेड-बॅच चालवायची. दोन-चार दिवस वाचतात, धोका बेताचा.

पण सगळी प्रथिनं टिकाऊ नसतात. तुमच्या पंगतीत सहाव्या दिवशी बनलेला रेणू चौदाव्या दिवसापर्यंत त्याच गरम रश्श्यात पडून राहतो. मेलेल्या पेशी फुटून त्यांची प्रथिनं तोडणारी विकरं तिथेच सुटलेली असतात. खानावळीत तो सरासरी एका दिवसात बाहेर, थेट थंड बॅगेत. नाजूक रेणूसाठी मीडियाचा खर्च हा खर्च नाहीच, तो भाडं आहे.

अनघा_नौपाडा
रविवार, रात्री ११:०५

मी शास्त्राची नाही, शाळेत मराठी शिकवते. 'नाजूक रेणू' वाचून थांबले. फॅक्टर आठ यात येतं का? माझ्या मुलाला हिमोफिलिया ए आहे, रक्त गोठवणारं ते प्रथिन त्याच्या शरीरात पुरेसं बनत नाही.

रातराणी_ऐरोली
रविवार, रात्री ११:३१

अनघाताई, फॅक्टर आठ हेच याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. २३३२ अमिनो आम्लांचं प्रचंड प्रथिन, आणि भयंकर हळवं. रक्तातसुद्धा ते एकटं फिरत नाही, व्हॉन विलेब्रँड नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचा हात धरून फिरतं. जनुक हाती आलं १९८४ साली. पुनःसंयोजित फॅक्टर आठ अमेरिकेत मंजूर झालं १९९२ च्या अखेरीस. १९९३ मध्ये आलेलं दुसरं, बायरचं कोजेनेट, हॅमस्टरच्याच पण मूत्रपिंडातल्या पेशींमधून, बर्कलीच्या प्लांटमध्ये परफ्युजनने बनायचं. चौदा दिवस टाकीत ठेवलं असतं तर हाती काय लागलं असतं देव जाणे.

अनघा_नौपाडा
सोमवार, सकाळी ६:४०

धन्यवाद. माझ्या दादालाही होता. ऐंशीच्या दशकात ठाण्यात प्लाझ्मा नाहीतर क्रायो (प्लाझ्मा गोठवून काढलेला साका) मिळायचं, तेही मिळालं तर. आई बर्फाच्या पिशव्या घेऊन रात्र-रात्र बसायची. दादाचा डावा गुडघा वयाच्या बाराव्या वर्षीच कायमचा वाकला. त्याच काळात तिकडे परदेशात रक्तापासून केलेल्या फॅक्टरमधून हजारो हिमोफिलियाच्या रुग्णांना एचआयव्ही झाला, हे मी फार नंतर वाचलं. आपल्याकडे तो फॅक्टर परवडत नव्हता म्हणून दादा वाचला असं आई म्हणायची. असलं कसलं नशीब.

मुलाला आता एमिसिझुमॅब चालू आहे, चौदा दिवसांनी एकदा, कातडीखाली. फॅक्टरचं तर बारा तासांत निम्मं उरायचं. तो काल टर्फवर फुटबॉल खेळून आला. मी ओरडले, पण मनातून नाही.

तुम्ही त्या पेशी रोज टाकून देता तेव्हा जड वाटतं म्हणालात. मला ते वाक्य आवडलं.

मिसळप्रेमी
सोमवार, सकाळी ९:१२

रश्श्याचा विनोद मागे घेतो. वाचनखूण साठवली.

जुनाखोड
सोमवार, सकाळी ९:५०

विनोद राहू दे हो. आणि अनघाताई, एमिसिझुमॅब हीसुद्धा सीएचओचीच लेक. २०१७ साली अमेरिकेत मंजूर झाली. अँटिबॉडी आहे, दणकट आहे, तिला खानावळ लागत नाही, असं आपलं मी नोंदवून ठेवतो.

क्वालिटीवाली
सोमवार, दुपारी १:१८ (डबा खाता खाता)

अपस्ट्रीमवाल्यांचं कौतुक झालं असेल तर आमच्या टेबलावरचे दोन कागद बघा.

पहिला: बॅच म्हणजे काय? पंगतीत प्रश्नच नाही, एक टाकी म्हणजे एक बॅच. खानावळ ६० दिवस चालली तर ६० दिवसांची एक बॅच? मग ५९व्या दिवशी काही चुकलं तर सगळं फेकायचं? आयसीएच या औषधांचे नियम जुळवणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेचं क्यू१३ मार्गदर्शक नोव्हेंबर २०२२ मध्ये पक्कं झालं, त्यात याची मोकळीक आहे. किती माल आत गेला, किती बाहेर आला किंवा किती वेळ चाललं, यांपैकी कशावरूनही बॅच ठरवा, पण आधी ठरवा आणि लिहून ठेवा. आम्ही दिवसांवरून ठरवतो. प्रत्येक हार्वेस्ट बॅगेवर (म्हणजे बाहेर आलेला माल जिच्यात गोळा होतो तिच्यावर) कधीपासून कधीपर्यंत हे लिहिलेलं असतं. मंगळवारी तापमान बिघडलं तर मंगळवारची आणि बुधवारची बॅग बाजूला, कारण टाकीतलं मंगळवारचं पाणी बुधवारीही थोडं-थोडं बाहेर येतच असतं. हा 'थोडं-थोडं' किती, यावर माझी आणि उत्पादनाची दर महिन्याला एक बैठक होते आणि प्रत्येक वेळी समोसे संपतात.

दुसरा: विषाणू. जून २००९, जेन्झाइमचा बॉस्टनमधला ऑलस्टन प्लांट. गोशे नावाच्या दुर्मीळ आजाराचं सेरेझाइम तिथे सीएचओ पेशींत बनायचं. पेशी मंदावल्या, आणि शोधल्यावर सापडला व्हेसिव्हायरस २११७. माणसाला त्याचा त्रास असल्याचं दिसलं नाही, पण पेशींना होता. बहुधा मीडियातल्या एखाद्या घटकातून आला. प्लांट बंद करून निर्जंतुक केला, आणि जगभरच्या रुग्णांना कितीतरी महिने डोस कमी करून भागवावं लागलं. त्या टंचाईतच पर्यायी औषधांना वाट मिळाली. त्यातलं एक तर गाजराच्या पेशींत बनतं! २०१२ साली मंजूर झालं. गाजराला प्राण्यांचा विषाणू लागत नाही, इतकं साधं.

म्हणून मीडिया आत जाण्याआधी विषाणू अडवणाऱ्या फिल्टरमधून काढतात किंवा काही सेकंद शंभर अंशांच्या आसपास तापवून लगेच थंड करतात. महिन्याला दीड हजार लिटर मीडिया आत सोडायचा म्हणजे दीड हजार लिटर संशय आत सोडायचा.

टीवाय_मायक्रो
सोमवार, रात्री ८:३६

नमस्कार, मी बांदोडकर कॉलेजला टीवायला आहे. एक शंका. इतके दिवस पेशी वाढत राहिल्या तर त्या म्हाताऱ्या होऊन बदलत नाहीत का? जनुकाच्या वाढवलेल्या प्रती गळून जात नाहीत का? आमच्या पुस्तकात सबकल्चर (पेशी पुन्हा पुन्हा नव्या भांड्यात वाढवणं) जास्त करू नका असं लिहिलंय.

गणितवेडा
सोमवार, रात्री ९:२०

चांगली शंका. गणित करू, उत्तर चकित करणारं आहे. एका व्हायलमध्ये, म्हणजे गोठवलेल्या पेशींच्या कुपीत, १ कोटी पेशी. ५० लिटरच्या टाकीत शेवटी किती? ५०,००० मिलिलिटर गुणिले ५ कोटी, म्हणजे अडीच लाख कोटी. अडीच लाख पट. दोनाचा अठरावा घात २,६२,१४४. म्हणजे टाकी भरेपर्यंतच जवळजवळ अठरा पिढ्या झाल्या.

आणि नंतर? रोज १० टक्के वाढ, तीस दिवस, म्हणजे ०.१ गुणिले ३०, भागिले ०.६९३. साधारण सव्वाचार पिढ्या.

म्हणजे म्हातारपण येतं ते फ्लास्कमधून टाकीत पोचेपर्यंतच्या धावपळीत. महिनाभराच्या खानावळीत ते फारसं वाढत नाही. ब्लीड जितकं कमी, तितकी पेशी तरुण.

क्वालिटीवाली
सोमवार, रात्री ९:४४

गणित झकास, पण आम्ही तरी शेवटच्या दिवसाच्या पेशी तपासतोच. जनुकाचा क्रम, प्रतींची संख्या, विषाणू. त्या वयापर्यंत सिद्ध झालं तेवढंच चालवायचं, त्यापुढे एक दिवसही नाही.

टीवाय, पेशी मोजायला शिका. ट्रायपॅन ब्लू (मेलेल्या पेशींना निळं करणारा रंग) घालून काचेवर, हाताने. मशीन आहे म्हणून कुणी शिकत नाही, आणि मग मशीनने दोन पेशींचा गुच्छ एक धरला की कुणाच्या लक्षात येत नाही.

रातराणी_ऐरोली
बुधवार, पहाटे ४:५५

दोन दिवस आले नाही कारण टाकीने छळलं. आता निवांत आहे, सांगते. (कंपनी तीच, जिचं नाव नाही.)

२२व्या दिवसापासून हार्वेस्टमधलं प्रथिन उतरायला लागलं. लिटरला १ ग्रॅमवरून ०.८, मग ०.७. संख्या तशीच, व्हायबिलिटी तशीच, ग्लुकोज खातायत तसंच. बैठकीत एकमताने ठरलं की पेशी आळशी झाल्या. टीवायने विचारलेली शंकाच आमच्या साहेबांनी मोठ्या आवाजात सांगितली: प्रती गळाल्या. नवी व्हायल काढायची तयारी सुरू झाली.

सोमवारी रात्री मला सहज वाटलं म्हणून मी दोन नमुने घेतले, एक नेहमीचा फिल्टरच्या बाहेरून आणि एक टाकीच्या आतून. बाहेर ०.६५. आत १.६!

पेशी बिचाऱ्या इमानाने राबत होत्या. फिल्टर माल अडवून बसला होता.

का, ते शोधायला वेळ लागला नाही. १९व्या दिवशी पहाटे फेस वर चढला होता. इतक्या पेशींना ऑक्सिजन पुरवायचा म्हणजे बारीक बुडबुडे सोडावे लागतात, आणि प्रथिनाच्या पाण्यात बुडबुडे म्हणजे फेस. तो वरच्या हवेच्या फिल्टरला भिडला असता तर दाब वाढून सगळंच बसलं असतं. पाळीवरच्या मुलाने घाबरून फेस मारणारं सिलिकॉनचं द्रावण जरा सढळ हाताने दिलं. फेस बसला, सगळ्यांनी शाबासकी दिली. तेच सिलिकॉन आणि फुटलेल्या पेशींचा गाळ मिळून तंतूंच्या भोकांवर साय धरून बसले. पाणी जातंय, मोठं प्रथिन अडकतंय. दाबाचा आकडा थोडा चढला होता, पण अलार्मच्या रेषेच्या आत, मग कोण बघतंय?

मुलाला मी रागावले नाही. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

फिल्टर बदलला. चालत्या टाकीला, नळ्या निर्जंतुक वेल्डिंगने जोडून, चाळीस मिनिटांत. तेवढा वेळ मीडियाचं येणं-जाणं बंद, पण हवा बंद ठेवून चालत नाही. गणितवेडा, तुम्ही करूनच बघा: एक पेशी तासाला ०.२ पिकोमोल ऑक्सिजन घेते धरा, आमच्या टाकीत विरघळलेला ठेवतो लिटरला जेमतेम ०.०८ मिलिमोल.

गणितवेडा
बुधवार, सकाळी ८:०३

लिटरला तासाला १० मिलिमोल खप, शिल्लक ०.०८. एकोणतीस सेकंद. बापरे.

रातराणी_ऐरोली
बुधवार, सकाळी ८:२०

हो. म्हणून पावसाळ्यात वीज चमकली की आम्ही आधी खिडकीकडे बघत नाही, यूपीएसकडे बघतो. जनरेटर चालू व्हायला लागतात तेवढी सेकंदं तो धरून ठेवतो. आजींना खरं उत्तर द्यायचं तर हेच होतं: रविवारच काय, अर्धं मिनिट बंद ठेवता येत नाही.

जुनाखोड
बुधवार, सकाळी १०:३०

आतला नमुना आधीच घ्यायला हवा होता, हे म्हणायला सोपं आहे. आमच्याकडे एकदा पीएचच्या प्रोबने तीन दिवस खोटं सांगितलं आणि आम्ही तीन दिवस पेशींना शिव्या घातल्या. प्रोब तोंड उघडून बोलत नाही, पेशीही बोलत नाहीत, मग ज्याची संख्या जास्त त्याच्यावर आळ.

पाळी बदलून मागितली नाहीत ना?

रातराणी_ऐरोली
बुधवार, सकाळी १०:४१

नाही काका. रोज दोन्हीकडचे नमुने घ्यायचे असं एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी पद्धतीत, घालून घेतलं. आता झोपते.

अनघा_नौपाडा
बुधवार, रात्री ९:१५

फिल्टरची गोष्ट मुलाला वाचून दाखवली. तो म्हणाला, मग त्या पेशींची माफी मागितली का कुणी?

रातराणी_ऐरोली
पुढचा रविवार, दुपारी १२:०५

अनघाताई, साहेबांनी मागितली नाही. मी त्या रात्री ब्लीड काढताना मनातल्या मनात मागितली.

अपडेट: नव्या फिल्टरवर दुसऱ्या दिवशी हार्वेस्ट ०.९५ वर आलं. फिल्टर बदलताना अडकलेला माल एकदम बाहेर आला, ती बॅग क्वालिटीवालीच्या भाऊबंदांनी बाजूला ठेवली आहे आणि समोसे मागवले आहेत. ठरलेले ३० दिवस आज सकाळी पूर्ण झाले. शेवटचे नमुने घेतले, गोठवले, टाकी किल केली. कितीतरी आठवड्यांनी रविवार मोकळा.

मावसबहिणीला फोन केला, तिच्या सासूबाईंनी उचलला. "आज घरी कशी काय?"

म्हटलं, "आजी, सकाळीच सगळ्या पेशी संपवल्या."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग हळूच, "सगळे?"

आता संध्याकाळी नौपाड्यात जाऊन समजावून सांगणार आहे. पुढची व्हायल बुधवारी वितळवायची.